आजोबांचं अर्जातलं इंग्रजी

इंग्रजीतले जडजड शब्द पाठ करणं हा माझ्या मते शुद्ध गाढवपणा आहे, आणि तो मी एक आख्खा उन्हाळा केला. तोही स्वतःसाठी नाही, मैत्रिणीसाठी.

ही मैत्रीण म्हणजे इंदरगंजातल्या दातांच्या चिनी डॉक्टरची मुलगी. दवाखाना वरच्या मजल्यावर होता आणि खाली पाटीवर गुलाबी हिरड्यांची एवढी मोठी कवळी रंगवलेली होती की लहान मुलं ती बघूनच रडायला लागत. तिचे वडील कलकत्त्याहून लश्करला, म्हणजे आमच्या ग्वाल्हेरात, आले तेव्हा ती कडेवर होती. घरात चिनी, बाजारात हिंदी आणि आमच्याकडे आली की मराठी, अशा तीन भाषा ती बोलायची. तिची मराठी आमच्यासारखीच होती, म्हणजे निम्मी हिंदी. शाळेत गणितात आणि विज्ञानात ती पहिली यायची. इंग्रजीत मात्र गाय आणि पोस्टमन या दोन निबंधांच्या पलीकडे तिची गाडी कधी गेली नव्हती.

तिला डॉक्टर व्हायचं होतं. पूर्वी इथल्या मेडिकल कॉलेजात जायचं तर कुणा सरदाराची चिठ्ठी नेली की काम होई, असं सगळे सांगत. पण ग्वाल्हेर, इंदूर ही संस्थानं एक होऊन मध्य भारत झाला आणि चिठ्ठ्यांचे दिवस संपले. आता सगळ्यांना एकच परीक्षा, तिच्यात अवघड इंग्रजी शब्दांचा एक आख्खा पेपर, आणि त्यातून पार पडलं तर साहेबांपुढे मुलाखत. चिनी मुलीला चिठ्ठी कोण देणार होतं? तिच्यासाठी ही परीक्षा म्हणजे उघडलेलं पहिलंच दार होतं, आणि शेवटचंही. कारण वडिलांनी तिला सांगितलं होतं, एकदा बसून बघ, नाही जमलं तर कलकत्त्याला मावशीकडे जायचं. मावशीनं मुलगा बघून ठेवला होता. त्याचं बुटांचं दुकान होतं.

"मुलगा चांगला असेल गं," ती आमच्या जयेंद्रगंजातल्या घराच्या जिन्यात बसून म्हणाली, "पण मला बूट नाही विकायचे. आणि मला इथून जायचंच नाहीये."

मी म्हटलं, मग नको जाऊस. मला सगळंच सोपं वाटायचं. माझा स्वतःचा अर्ज दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, परस्पर भरून टाकला होता. मला डॉक्टर व्हायची काडीची हौस नव्हती. विळीनं आईचं बोट कापलं तरी भोवळ मला यायची.

शिकवायचं कुणी, हा प्रश्न होता. दादांना इंग्रजी बरं येई, पण ते सचिवालयात होते आणि उन्हाळा आला की सचिवालय इंदूरला जात असे. ग्वाल्हेर राजधानी की इंदूर, यावर दोन्ही गावांचं कधी जमलंच नाही, म्हणून हिवाळ्यात इथे आणि उन्हाळ्यात तिथे असा तोडगा निघाला होता. फायलींचे गठ्ठे, टायपिस्ट आणि दादा, सगळे गाडीत बसून निघून जात. घरात उरले आजोबा.

आजोबांचा सारा जन्म दरबारच्या दफ्तरात गेला होता. गोऱ्या साहेबांना जाणाऱ्या इंग्रजी खलित्यांचे मसुदे ते करत. दरबार गेला, दफ्तर बंद झालं, आणि तेव्हापासून ते रोज सकाळी लाल पेन्सिल घेऊन वर्तमानपत्रातलं इंग्रजी सुधारत बसत आणि चिडत. राग माझ्याकडे कुठून आला हे वेगळं सांगायला नको. मी त्यांना विचारलं, तर पेन्सिल खाली ठेवून म्हणाले, "उद्यापासून पाठव. आणि तूही बस, तुझं इंग्रजी ऐकवत नाही."

आजोबांची शिकवायची रीत दरबारी होती. दरबारात जसा प्रत्येक मानकरी आपापल्या जागेवर बसे, तसा त्यांच्या मते प्रत्येक शब्दाला मान ठरलेला असे. 'काइंड' म्हणजे दयाळू, पण तो शब्द पार दाराशी उभा राहणारा. त्याच्या वर 'बेनिव्होलंट'. त्याच्याही वर, अगदी गादीजवळ, 'मॅग्नॅनिमस', म्हणजे थोर अंतःकरणाचा. 'आस्क' म्हणजे मागणं, हे शिपायानं करावं. सभ्य माणसानं 'इम्प्लोर' करावं, काकुळतीला येऊन विनवावं. एखादा शब्द चुकीच्या जागी बसला की आजोबा कपाळाला हात लावत आणि म्हणत, "अगं, याला इथे बसवलंस तर तो उठून घरी जाईल."

तिला हे पटकन कळायचं, मला कळायचं नाही. पण लांबलचक शब्द आला की तिची फजिती व्हायची. ती म्हणाली, "आमच्याकडे एक शब्द म्हणजे एक घास. हे तुमचं इंग्रजी म्हणजे आख्खा ऊस तोंडात." मग ती शब्द कापून घ्यायची. डाव्या तळहातावर उजव्या हाताच्या बोटानं लिहायची, तुकडा तुकडा, ओठ हलवत. तिनं आम्हाला सांगितलं की चिनी अक्षरांचीही घराणी असतात. पाण्याशी संबंध असलेल्या अक्षरात पाण्याची खूण दिसते, हाताच्या कामात हाताची. म्हणून ती प्रत्येक इंग्रजी शब्द बघून विचारायची, "आजोबा, हा कुणाच्या घरातला?" बेनिव्होलंट, बेनिफॅक्टर, बेनिफिट, हे सगळे एका घरातले, सगळे भले लोक. 'मॅल'वाल्या घरातले सगळे बदमाश, त्यांच्या दारावरून जायचं नाही.

आजोबा तर खूशच झाले. "आपल्या संस्कृतातल्या धातूंसारखंच आहे की हे," ते म्हणाले आणि आपल्या दफ्तरात एकालाही जे सुचलं नाही ते या पोरीला सुचलं, असं येईल त्याला सांगत सुटले. मला जरा झोंबलं. सख्खी नात मी.

मी रोज निदान एकदा तरी तिच्यावर खेकसायची. काल पाठ झालेला शब्द आज कसा विसरतेस, डोकं आहे का खोकं. ती शांतपणे माझ्याकडे बघून म्हणायची, "तुझं ओरडून झालं की सांग, मग पुढचा शब्द घेऊ."

त्या उन्हाळ्यात शब्दांची ती साथ घरभर पसरली. आईला इंग्रजीचा गंध नव्हता, पण ती स्वयंपाकघरातून हाक मारायची, "आमटी आज मॅग्नॅनिमस झालीये, दोघी जेवून घ्या." आणि इंदरगंजात तर पेशंटची दैना. दुपारी मैत्रीण दवाखान्यात वडिलांच्या हाताशी उभी राहायची आणि खुर्चीत आ वासून पडलेल्या माणसाला शब्द म्हणून दाखवायची. तोंडात चिमटा असलेला माणूस काय तक्रार करणार? एक जाडजूड निवृत्त सुभेदार होते. दाढ निघाल्यावर ते गाल धरून खाली आले आणि मला म्हणाले, "दाढेचं दुखणं परवडलं, पण ती पोरगी नको."

पेपर झाला. तिनं तो असा लिहिला की बाहेर आल्यावर तिचे गाल लाल झाले होते. मुलाखतीच्या यादीत तिचं नाव लागलं, आणि अहो आश्चर्य, माझंही. रोज शेजारी बसून शब्द माझ्याही अंगाला चिकटले होते, फुकटात.

मुलाखतीच्या दिवशी आम्ही दोघी व्हरांड्यातल्या बाकावर बसलो होतो. खोलीच्या दाराला चिकाचा, म्हणजे बांबूच्या कामट्यांचा, पडदा होता, आतलं सगळं बाहेर ऐकू येत होतं. तिला आधी बोलावलं. साहेब तिघे होते. पहिलाच प्रश्न आला, डॉक्टर का व्हायचंय?

माझ्या मैत्रिणीनं आजोबांचे सगळे मानकरी एकदम दरबारात आणून बसवले. आय मोस्ट हम्बली इम्प्लोर युवर बेनिव्होलंट ऑनर्स, अशी तिनं सुरुवात केली. थोर, कनवाळू, न्यायी हुजुरांच्या चरणी ही क्षुद्र अर्जदार अत्यंत लीनतेनं विनवणी करते, की हुजुरांनी आपल्या अथांग औदार्याची एक दृष्टी तिच्याकडे वळवावी. ती एकदाही अडखळली नाही. एक शब्दही जागा सोडून बसला नाही.

आत कुणीतरी हसलं. मग तिघेही हसले, मोठमोठ्यानं.

मला तेव्हा कळलं की आम्ही काय करून ठेवलं होतं. आजोबांनी तिला त्यांना येत होतं ते सगळं इंग्रजी शिकवलं, आणि त्यांना येत होतं ते फक्त अर्जातलं. त्या इंग्रजीत कुणी कुणाशी बोलत नसे, फक्त खालून वर मागत असे. आम्हा कुणाच्या ते लक्षातही आलं नव्हतं, कारण आमच्या घरात तेच उत्तम इंग्रजी होतं.

ती बाहेर आली. डोळे भरलेले, ओठ घट्ट मिटलेले. "कलकत्ता," एवढंच म्हणाली आणि बाकावर बसली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुढचं बोलावणं माझंच होतं. मी आत गेले, नमस्कार केला की नाही तेही आठवत नाही. मला विचारलं, डॉक्टर का व्हायचंय? मी सरळ मराठीत सांगितलं, "मला नाही व्हायचं. रक्त बघून मला भोवळ येते. आत्ता ज्या मुलीला तुम्ही हसलात, तिला व्हायचंय. तिला जे शिकवलं ते ती बोलली. हसायचं असेल तर शिकवणाऱ्याला हसा, ते माझे आजोबा आहेत."

मधल्या खुर्चीत बसलेले साहेब इंदूरचे होते. त्यांनी चष्मा काढला. "बाई, जरा बस," ते मराठीतच म्हणाले. "आम्ही तिला नाही हसलो. माझे वडील इंदूर दरबारात मसुदे लिहायचे. ते गेल्यापासून हे इंग्रजी मी ऐकलं नव्हतं. आज माहेरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं." बाकीच्या दोघांकडे बघून त्यांनी मान हलवली आणि मला म्हणाले, "तिला परत पाठव. तिला सांग, विनवू नकोस. आता इथे हुजूर कुणी नाही, आम्ही नोकर माणसं आहोत. जे हवंय ते नुसतं सांग."

मी बाहेर येऊन तिला दंडाला धरून उभी केली आणि आत ढकलली. आजोबा म्हणतील ते विसर, म्हटलं, जसं माझ्याशी बोलतेस तसं बोल.

ती काय बोलली ते मी पडद्याआडून ऐकलं. साध्या, दाराशी उभ्या राहणाऱ्या इंग्रजी शब्दांत बोलली. माझे वडील दात काढतात. लोकांना वाटतं डॉक्टर म्हणजे डॉक्टर, म्हणून ते ताप घेऊन येतात, पोटुशी बाई घेऊन येतात, खोकणारं मूल घेऊन येतात. वडील हात जोडून त्यांना परत पाठवतात. जिना उतरणारी ती माणसं मी लहानपणापासून बघते आहे. मला त्यांना परत पाठवायचं नाही.

या वेळी कुणी हसलं नाही.

घरी आल्यावर आजोबांना सगळं सांगावंच लागलं. मला वाटलं रागावतील. त्यांनी लाल पेन्सिल वर्तमानपत्रावर ठेवली. मग म्हणाले, "खरं आहे त्यांचं. मी जन्मभर मागण्याचं इंग्रजी लिहिलं, दुसऱ्याच्या वतीनं. मला हे हवंय, असं साधं वाक्य लिहायची वेळच कधी आली नाही." मला एकदम त्यांची फार माया आली. पण ते लगेच म्हणाले, "तरी अडखळली नाही ना कुठे?" नाही म्हटल्यावर त्यांची मान ताठ झाली आणि त्यांनी आईकडे चहा मागितला.

यादी लागली त्या दिवशी ती गर्दीत शिरेना. तूच बघून ये म्हणाली. मी कोपरं मारत पुढे गेले. माझं नाव नव्हतं, देव पावला. तिचं होतं, वरून चौथं. मी तिथूनच ओरडले. ती जवळ आली आणि तिनं मला विचारलं, "म्हणजे आता मला जायला नको ना?" मी म्हटलं, कुठ्ठे जायला नको. तिनं पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. मग ती रस्त्यातच माझ्या गळ्यात पडून रडली, आणि मीही रडले, मला रडायचं काही कारण नसताना. तिच्या वडिलांनी त्या दिवशी आमच्या सगळ्या घरासाठी नई सडकेवरून मिठाई आणली आणि ज्या माणसानं दात खराब होतील म्हणून जन्मभर सगळ्यांना गोड खाऊ नका सांगितलं, त्यानं ती आम्हाला आग्रह करकरून वाढली.

त्याच हिवाळ्याच्या तोंडाशी मध्य भारत मोडला, मोठा मध्य प्रदेश झाला. ग्वाल्हेर की इंदूर हे भांडणच मिटलं, कारण राजधानी भोपाळला गेली. दादांचं सचिवालयही तिकडे गेलं, आणि या वेळी ते उन्हाळ्यापुरतं नव्हतं. दख्खनेतून मराठी फौजेमागोमाग आलेलं आमचं घराणं, कितीतरी पिढ्या याच गावात जन्मलेलं आणि जळलेलं, आईनं चार ट्रंकांत भरलं. मैत्रीण कॉलेजातून थेट स्टेशनवर आली होती. अंगाला औषधांचा वास होता. आजोबांच्या पाया पडली, आईला म्हणाली, "काकू, सांभाळून." माझा हात मात्र गाडी सुटेपर्यंत तिनं सोडला नाही.

भोपाळला पहिल्याच आठवड्यात शेजारच्या बाईंनी विचारलं, तुम्ही कुठले? आईनं सांगितलं, ग्वाल्हेरचे. मग त्यांनी विचारलं, तिथे आता तुमचं कोण आहे? आई माझ्याकडे बघायला लागली. मी सांगितलं, माझी मैत्रीण आहे. ती तिथलीच आहे.