नानांचा ब्रेड आणि जपानी यंत्र

आमच्या सासऱ्यांचे सगळे दात काढले आणि सगळ्यात जास्त त्रास मला झाला.

गोष्ट सत्त्याण्णव सालची. ह्यांची बदली पुण्याहून बंगलोरला होऊन दोन वर्षं झाली होती. जयनगरात शांताक्कांच्या घरात वरच्या मजल्यावर आम्ही भाड्यानं राहत होतो. शांताक्का मूळच्या मराठीच, पण चार पिढ्या इथं गेल्यामुळे त्यांच्या मराठीत कानडी इतकी मुरली होती, की माझे सासरे नाना त्यांच्याशी बोलताना आधी हिंदी काढायचे. (मग शांताक्का त्यांना मराठीतून झापायच्या.)

तर नाना. दात काढल्यावर डॉक्टर म्हणाले, "हिरड्या भरून कवळी बसायला तीन महिने लागतील. तोवर मऊ खायला द्या. ब्रेड दुधात बुडवून दिलात तरी चालेल."

"ब्रेड?" नाना ओठ आत ओढून म्हणाले. "बेकरीत पायानं तुडवून मळतात तो! माझ्या वडिलांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय."

नानांच्या वडिलांनी ते कधी, कुठं आणि कुणाच्या बेकरीत डोकावून पाहिलं, हे विचारायची सोय नव्हती. पण त्या एका पायापायी नानांनी उभ्या आयुष्यात बेकरीचा पाव तोंडात घातला नव्हता.

"मग पेज करू?" मी घरी आल्यावर विचारलं.

"पेज आजाऱ्याला देतात. मी आजारी नाही, बोळका आहे."

"गुरगुट्या भात?"

"तो बाळाला."

"शिरा?"

"साखर आहे मला. मारायचंय का?"

म्हणजे नाना दिवसभर बिनसाखरेच्या दुधावर आणि माझ्यावरच्या रागावर जगत होते. दहा दिवसांत तीन किलो वजन उतरलं. धोतराचा काचा दोनदा घट्ट करूनही हातानं धरून चालायची वेळ आली. डॉक्टरांनी सांगून टाकलं, "पंधरा दिवसांत वजन वाढलं नाही, तर ॲडमिट करून सलाईन लावायचं." नाना घाबरले. त्यांचे दोन्ही भाऊ दवाखान्यात गेले ते परत आले नव्हते. त्या संध्याकाळी खालच्या आवाजात म्हणाले, "सूनबाई, घरात, माझ्या डोळ्यांसमोर, कुणाचा पाय न लागता ब्रेड झाला तर खाईन."

मला रडू आलं आणि हुरूपही आला. घरात ओव्हन नव्हता. मी कुकरची शिट्टी काढून ब्रेड केला. तो दुसऱ्या दिवशी शांताक्का खाली घेऊन गेल्या. मला वाटलं, चवीला. त्यांचं मागचं दार वाऱ्यानं आपटत होतं, तिथं तो लावला होता!

मग ह्यांच्या ऑफिसातल्या देशपांड्यांनी सांगितलं, "वहिनी, ब्रेड करायचं यंत्र मिळतं. पीठ, पाणी, यीस्ट घाला, बटण दाबा. मळतंय तेच, भाजतंय तेच."

हे ऐकून नानांनी एकच प्रश्न विचारला. "त्याला पाय असतात?"

आम्ही दोघं थाटात ब्रिगेड रोडच्या एका मोठ्या दुकानात गेलो. यंत्र होतं. विक्रेत्यानं झाकण उघडून आतलं भांडं दाखवलं, तळाचं फिरतं पातं दाखवलं. मग किंमत सांगितली. ह्यांनी पंखा कुठं आहे ते शोधून त्याच्याखाली जाऊन उभं राहणं पसंत केलं. ह्यांचा पगार वीस तारखेलाच धापा टाकायला लागायचा, त्यात हे कुठून बसवणार! दुसरं यंत्र परदेशी मालाच्या गल्लीत सापडलं. तिथल्या माणसाला मी विचारलं, "गॅरंटी किती?" तो म्हणाला, "त्या कोपऱ्यापर्यंत, मॅडम." माणूस निदान खरं बोलत होता.

शेवटी देशपांडेच देवासारखे धावून आले. कोरमंगलाला एक जपानी इंजिनियर नोकरी संपवून मायदेशी निघाले होते आणि घरातलं सामान स्वस्तात विकत होते. "ब्रेडच्या यंत्रासारखं काहीतरी पाहिलं मी तिथं," देशपांडे म्हणाले. यातला 'सारखं काहीतरी' हा भाग मी कानाआड केला.

आता मी तुळशीबागेत घासाघीस करत लहानाची मोठी झालेली बाई. माझे नियम ठरलेले. वस्तू आवडली तरी तोंड वाकडं ठेवायचं. आणि सौदा ठरला, पैसे दिले, की मागं वळून न बघता चालू पडायचं. थांबलं की विकणाऱ्याला पश्चात्ताप होतो!

जपानी बाई गोड होत्या. त्यांना इंग्रजी माझ्याइतकंच येत होतं, म्हणजे दोघींचं मिळून एक वाक्य व्हायचं. मी झाकण उघडलं. आत भांडं, तळाला पातं. झालं तर मग! त्यांनी बोटांनी किंमत दाखवली. मी तोंड वाकडं करून नमस्कार केला. त्यांनी कमरेत वाकून नमस्कार केला आणि एक बोट कमी केलं. मी आणखी वाकले. आणखी एक बोट गेलं. तिसऱ्यांदा वाकणार, एवढ्यात ह्यांनीच लाजून पैसे काढले.

यंत्राबरोबर विजेचा दाब कमी करणारा एक डबाही मिळाला, विहिरीवरच्या पंपाएवढा जड. तो ह्यांच्या मांडीवर आणि यंत्र माझ्या मांडीवर, असे आम्ही रिक्षात बसतोय, तोच त्या बाई हातात कसलंसं पातळ पुस्तक घेऊन पळत आल्या.

"अगं, त्या बोलावतायत," हे म्हणाले.

"बघू नका मागं! बोटं वाढवायला आल्यात!" मी रिक्षावाल्याला ओरडले, "अण्णा, बेगा, बेगा!"

रिक्षावाला बंगलोरचा. इतर वेळी मीटरवरून वाद घातल्याशिवाय हलणार नाही, पण त्या दिवशी सुसाट निघाला. बिचाऱ्या बाई कोपऱ्यापर्यंत धावल्या.

घरी यंत्राला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. नाना पाय दिसतोय का ते बघायला समोर खुर्ची टाकून बसले. दोनच बटणं होती आणि दोन्हींवर जपानी अक्षरं. मी मैदा, यीस्ट, पाणी घालून पहिलं बटण दाबलं. यंत्रानं नुसती कर्कश पिपाणी वाजवली.

"भांड्याखाली खळगा आहे. पाणी मागत असेल," हे म्हणाले आणि त्यांनी पाणी ओतलं.

ब्रेडचं यंत्र पाणी का पितं, असा प्रश्न कोणत्याही शहाण्या बाईला पडला असता. मला पडला नाही. यंत्रातून वाफ यायला लागली. अर्ध्या तासानं पुन्हा पिपाणी. दुसरं बटण दाबलं मात्र, यंत्र अंगात आल्यासारखं नाचायला लागलं! धाड, धाड, धाड! ओट्यावरचे डबे सरकले, पोळपाट खाली आला, यंत्र स्वतःच ओट्याच्या काठाकडे निघालं. ह्यांनी त्याला मिठी मारली आणि तेही त्याच्याबरोबर थरथरायला लागले. आत पांढरा गोळा गरगर फिरत होता.

"भाजतंय कधी?" नानांनी विचारलं.

"भाजेल हो," मी म्हणाले.

भाजलं नाही. जे निघालं ते चिकट, पांढरं आणि चिवट. ते माझ्या हातातून निसटून फरशीवर पडलं आणि टुणकन उसळलं.

"सूनबाई," नाना म्हणाले, "मला दात असते तरी हा मी खाल्ला नसता."

दुसऱ्या दिवशी यीस्ट वाढवलं. तिसऱ्या दिवशी बटणं उलट्या क्रमानं दाबली. गोळा तोच. एव्हाना नाना खुर्चीतून उठताना भिंतीचा आधार घ्यायला लागले होते. त्यांनी मला जवळ बोलावलं. "पुरे झालं गं. तू खूप केलंस. पंधरा दिवसांची कशाला वाट बघायची, उद्या न्या मला दवाखान्यात."

माझा बांधच फुटला. तेवढ्या धडधडाटात माझं रडणं कुणाला ऐकू जाणार नाही, म्हणून मी यंत्र पुन्हा चालू केलं. पण खाली शांताक्कांच्या छताचे पोपडे पडायला लागले होते. त्या तरातरा वर आल्या.

"अय्यो, काय गं हे, छत पाडतेस काय!" म्हणता म्हणता त्यांची नजर भांड्यात गेली आणि त्या थबकल्या. "हे काय ब्रेडचं न्हवे. कसं छान घोटतंय बघ! स्वल्प थांब."

खाली जाऊन त्या रागीचं पीठ घेऊन आल्या. रागी म्हणजे आपली नाचणी. उकळत्या पाण्यात पीठ घालून ते त्यांनी यंत्रात ओतलं आणि दुसरं बटण दाबलं. चार मिनिटांत गुळगुळीत, काळपट गोळा तयार! तुपाच्या हातानं त्यांनी तो वळला, ताटलीत ठेवला, भोवती गरम सारू, म्हणजे आपलं आमटीसारखं सार, ओतलं. इथली मुद्दे. बंगलोरात आल्यापासून नाना तिला चिखल म्हणत आले होते.

"मी हे खात नाही," नाना म्हणाले.

शांताक्कांनी पदर खोचला. "तुमच्या डोळ्यांसमोर झालं का न्हाई?"

"झालं."

"पाय दिसला कुणाचा?"

नानांनी यंत्राखाली वाकून पाहिलं. "नाही."

"मग खायचं. आणि चावायचं न्हाई. सारूत बुडवून गिळायचं. आमच्यात दात असलेलेही गिळतात, सरी?"

स्वतःच्याच अटीत नाना सापडले होते. त्यांनी एक घास गिळला. डोळे मिटले. दुसरा गिळला. तिसऱ्याला बोलले, "सारू वाढा जरा." दोन मुद्दे संपल्या आणि त्यांनी ढेकर दिली. त्या ढेकरेसारखा गोड आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. ह्यांनी पाठ फिरवून चष्मा पुसला.

"अक्का, तुम्ही हे घरी कशात करता?" मी विचारलं.

"कशात काय? पातेल्यात. काठीनं घोटायचं."

चार दिवसांनी देशपांडे ते पातळ पुस्तक घेऊन आले. जपानी बाईंनी आठवणीनं पाठवलं होतं. आत चित्रं होती: तांदूळ भिजवा, वाफवा, कुटा, पांढरे गोल लाडू करा. ब्रेडचं चित्र शेवटच्या पानापर्यंत कुठंच नव्हतं. आता कुठं मला कळलं, की ती बिचारी मला वाचवायला धावत होती!

पंधराव्या दिवशी डॉक्टरांनी नानांना काट्यावर उभं केलं. दीड किलो वाढलं होतं. सलाईन रद्द, दवाखाना रद्द. मी तिथल्या स्टुलावर बसले.

"वा! काय खाल्लंत, नाना?"

"मुद्दे," नाना ताठ उभे राहून म्हणाले. "सूनबाईनं माझ्यासाठी खास यंत्र आणलं. जपानी! अख्खं बंगलोर पालथं घालून निवडलं पोरीनं."

डॉक्टरांनी माझ्याकडे आदरानं पाहिलं आणि खिशातलं पेन काढलं. "माझ्या आईचेही सगळे दात गेलेत हो. सांगा, काय नाव त्या यंत्राचं?"

"नाव जपानीत आहे, डॉक्टर," मी म्हणाले. "आमच्या शांताक्का त्याला काठी म्हणतात."