किल्लीवाल्यांच्या घरची केबल

आयुष्यभर लोकांची कुलपं उघडून देणारे किल्लीवाले घरच्या टीव्हीने पासवर्ड मागितला तेव्हा मात्र रिमोट धरून नुसते उभे राहिले. लेक फोनवरून एकेक अक्षर सांगत होती. तिने टीव्हीवर आणि त्यांच्या फोनवर मालिका-बातम्यांचं एकच ॲप चालू करून दिलं. "बाबा, महिनाभर केबल आणि ॲप दोन्ही वापरून बघा. मग एक काढून टाका. अगदी सोपं आहे." ती ज्याला सोपं म्हणते ते हमखास डोकं खातं, हे किल्लीवाल्यांना तिच्या लहानपणापासून ठाऊक होतं.

झालंही तसंच. केबलवर आकडा दाबला की बातम्या सुरू. ॲपवर नुसती चित्रं, ओळीच्या ओळी, आणि म्हणे निवडा! निवडता निवडता बिचारे पेंगायला लागत. बायको शिवणाच्या मशीनवरून म्हणाली, "तुम्ही नाही का गिऱ्हाइकाला विचारत, कुठलं कुलूप म्हणून? तसंच ते विचारतंय." त्यावर त्यांचा गोंधळ आणखीच वाढला.

पण खरी पंचाईत निराळीच होती. जेवणं झाली की नवरा-बायको केबलवर एक मालिका बघत. जाहिराती लागल्या की पैज, पुढे काय होणार? हरेल त्याने भांडी घासायची. बायको दिवसभर लोकांच्या पँटी आखूड करी, आणि मापासारखाच तिचा हाही अंदाज सहसा चुकत नसे, त्यामुळे भांडी वर्षानुवर्षं किल्लीवाल्यांच्याच नशिबी. लेक लग्न होऊन लांब गेल्यापासून या दोघांत खरं बोलणं व्हायचं ते एवढंच. बाकी मग दूध आणलं का आणि दाराला कडी घातली का. ॲपवर जाहिरातीच नाहीत, केबल गेली तर ही पैजही जाईल, या विचाराने त्यांना धस्स व्हायचं. ते बोलून मात्र दाखवत नसत, पुरुषाची जात!

त्यातच त्यांना कळलं की केबलवर रात्री लागणारा भाग ॲपवर सकाळीच येतो. झालं, नियत फिरली. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसताना त्यांनी फोनवर भाग बघून घेतला आणि रात्री छातीठोकपणे सांगितलं, "धाकटा भाऊ घर सोडणार नाही. स्टेशनवरून परत येणार." आला की परत! किल्लीवाल्यांना आनंद मावेना. पण भांडी घासायला उठलेल्या बायकोचं तोंड पाहिलं, तर एवढंसं झालेलं. त्यांना फार वाईट वाटलं. हिचं एवढं एक सुख, तेही आपण लबाडीने हिसकावलं.

दुसऱ्या दिवसापासून ते भाग बघू लागले ते हरण्यासाठी. न बघता हरणं त्यांना तसं जमत आलं होतंच, पण चुकून बरोबर आलं तर? म्हणून बघायचं आणि मुद्दाम भलतंच सांगायचं. "मोठी सून खरं सांगून टाकणार," ते म्हणाले. बायको म्हणाली, "छे, ती माहेरी निघून जाणार." सुनेने दोन्ही केलं नाही, ती चक्कर येऊन पडली.

"दोघंही हरलो," बायको म्हणाली. "आता भांडी कुणाची?"

दोघांनी मिळून घासली. पुढच्या दिवशी तेच, त्याच्या पुढच्या दिवशीही तेच. किल्लीवाल्यांना काही उमजेना. हिचा अंदाज असा एकाएकी कसा बिघडला? बरं, विचारावं तर आपलंच बिंग फुटायचं.

मग एके दिवशी दुकानात इतकी गर्दी झाली की फोन हातात घ्यायला संध्याकाळ झाली. बघतात तर न पाहिलेल्या भागाखाली लाल रेघ, म्हणजे पाहून झालेला! फोन बिघडला की काय, म्हणून त्यांनी लेकीला विचारलं. "बाबा, खातं एकच आहे ना. आईने घरी टीव्हीवर पाहिला असेल."

किल्लीवाल्यांनी कपाळावर हात मारला. त्या रात्री भांडी विसळता विसळता त्यांनी विचारलंच, "तूही आधीच बघतेस?"

बायकोच्या हातातली वाटी थांबली. "दुपारी मशीन बंद केलं की घर खायला उठतं हो. तेवढीच कुणीतरी बोलणारी माणसं."

"मग चुकीचं का सांगतेस?"

"त्या दिवशी जिंकलात तेव्हा किती खूश होतात! म्हटलं, जिंकू दे आणखी चार दिवस."

"अगं, पण तू तर तोंड पाडून उभी होतीस!"

"दाढ ठणकत होती माझी."

किल्लीवाले हातातलं ताट पुन्हा पुन्हा विसळत राहिले. दाढ दुखतेय, हे साधं विचारलं असतं तरी कळलं असतं. आणि दुपारी ही घरात एकटी काय करत असेल, हे तर इतक्या वर्षांत मनातही आलं नव्हतं. त्यांना स्वतःची लाज वाटली.

महिना संपला तसा सकाळीच केबलवाला दारात उभा. "काका, काय ठरलं? बॉक्स नेऊ की राहू दे?"

"राहू दे," किल्लीवाले सवयीने म्हणाले, "हिला तेच..." आणि अडखळले. हिला तेच काय? केबल ठेवून ॲप काढलं तर हिच्या दुपारी पुन्हा मुक्या. ॲप ठेवून केबल काढली तर रात्री कोण कशावर पैज लावणार? की हिला पैजेचाच कंटाळा आलाय? काही म्हणजे काही कळेना. शेवटी ते बायकोकडे वळले. "तूच सांग. तुला काय हवंय?"

तिने टेप गळ्यातून काढला, परत घातला. टीव्हीकडे पाहिलं, बॉक्सकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"मला?" ती म्हणाली. "थांबा हं जरा. मला कुणी विचारेल असं वाटलंच नव्हतं, त्यामुळे मी काही ठरवूनच ठेवलेलं नाही."

किल्लीवाल्यांनी केबलवाल्यापुढे स्टूल सरकवलं. "बस रे बाबा," ते म्हणाले. "वेळ लागेल."