सातवा प्रश्न

रत्नागिरीतल्या आमच्या छोट्या कंपनीत अनुभवी सॉफ्टवेअरवाल्यांच्या मुलाखतीचे प्रश्न काढायचं काम माझ्याकडे होतं. इंटरनेटवरून उचललेल्या कोड्यांचा मला भारी राग. पंधरा वर्षं काम केलेल्या माणसाला आठ चेंडू आणि एक तराजू देऊन काय डोंबल कळणार? म्हणून मी स्वतःची यादी केली. त्यातल्या सातव्या प्रश्नाचा मला फार अभिमान होता: तुमच्या हातून झालेली सगळ्यात मोठी चूक सांगा.

बहुतेक जण चूक घरून शिजवून आणायचे. कामाच्या नादात मी जेवायचंच विसरतो, असली. मी मनातल्या मनात शून्य द्यायचे.

मग लांज्याहून एक जण आले, चाळिशी उलटलेले. मुंबईची नोकरी सोडून गावी परतले होते. आईचं विसरणं वाढलं होतं आणि ती आता फक्त त्यांनाच ओळखायची. इथे काम मिळालं तर रोज संध्याकाळी एसटीने तिच्यापाशी जाता येईल, एवढंच त्यांचं मागणं. पहिल्या सहा प्रश्नांची उत्तरं त्यांनी अशी दिली की मीच दोन गोष्टी वहीत टिपून घेतल्या.

सातव्यालाही त्यांनी सरळच सांगितलं. एका दवाखान्याचा चालू डेटा त्यांनी चाचणीचा समजून पुसला होता. बॅकअप होता, पण तो उघडतो का हे कधी तपासलंच नव्हतं.

"दोष माझाच हो, दुसऱ्या कुणाचा नाही," ते म्हणाले.

पुढचे नऊ दिवस दवाखान्यात बसून त्यांनी कागदांवरून एकेका पेशंटची माहिती स्वतः पुन्हा भरली होती.

मला हवं होतं ते उत्तर हेच. पण माझे दोघे सहकारी म्हणाले, असा माणूस घेतला आणि उद्या ग्राहकाला कळलं तर? मी एकदा बोलून पाहिलं. प्रश्नातल्या एका शब्दासाठी दोन दिवस भांडणारी मी, त्यांच्यासाठी दहा मिनिटंही भांडले नाही. नकाराच्या कागदावर सही केली. त्याची अजून लाज वाटते.

चार दिवसांनी त्यांचा फोन आला. रागावले नव्हते. दुसरीकडे हाच प्रश्न आला तर काय सांगू, एवढंच विचारत होते. मी त्यांना एक साधीशी चूक सुचवली, कुणाचं काही न बिघडवणारी.

"मग दवाखान्याचं बोलायचंच नाही?"

"नाही."

"बरं," ते म्हणाले.

मी दिलेली चूक सांगून महिन्याभरात त्यांना नोकरी लागली, पुन्हा मुंबईतच. आईला लांज्यात बहिणीच्या हवाली करून ते गेले. परवा आभार मानायला त्यांनी फोन केला. मी आईची चौकशी केली.

"तब्येत बरी आहे हो. रविवारी जाऊन आलो. मला म्हणाली, या, बसा. कुणाकडे आलात?"