चित्राचं खरेदीखत

"मॅडम, कागद बरोबर हाय न्हवं?" सुरेखाताईंनी दुसऱ्यांदा विचारलं.

कागद मीच तयार केलेला होता. खाली माझी सही, माझा शिक्का. मी तो तिसऱ्यांदा वाचत होते. सोलापुरात वकिली करायला लागून तेवीस वर्षं झाली. स्वतःच्याच ड्राफ्टची इतकी भीती मला कधी वाटली नव्हती.

सुरेखाताई वळसंगच्या. पंधरा बायकांना घेऊन कडक भाकरी बनवतात, पाकिटात भरून विकतात. पाकिटावर परातीत भाकरी थापणाऱ्या बाईचं चित्र आहे. गिऱ्हाईक नाव वाचत नाही, 'ती बाईवाली भाकरी द्या' म्हणतं. आता पुण्याचा एक एक्सपोर्टर ती भाकरी दुबईला पाठवायला तयार झाला होता. त्याची एकच अट होती: पाकिटावरचं चित्र तुमच्या मालकीचं आहे हे शुक्रवारपर्यंत दाखवा. तो दिवस बुधवार होता.

चित्र काढलं होतं त्यांच्याच गावच्या मल्लिनाथ पेंटरनी. दुकानांच्या पाट्या रंगवणारा माणूस. बाहेरच्या माणसाकडून चित्र करून घेतलं की पैसे दिले म्हणून त्यावरचा कॉपीराइट आपला झाला, असं धरून चालता येत नाही. काढणाऱ्याकडून तो लेखी लिहून घ्यावा लागतो. त्या कागदाला असाइनमेंट म्हणतात. मोठ्या कंपन्या यासाठी मोठी लॉ फर्म लावतात. छोट्या धंद्याला ते परवडत नाही, म्हणून मी एका पानाचा स्वस्तातला कागद सुरू केला होता. मला त्याचा अभिमानही होता.

तो पानभर मजकूर आला कुठून, तर कोर्टाबाहेरच्या आमच्या टायपिस्टच्या कॉम्प्युटरमधून. त्याच्याकडे जमिनीच्या खरेदीखताचा मसुदा कायम तयार असतो. मी त्यातल्या चतुःसीमा काढल्या, गट नंबरच्या जागी चित्राचं वर्णन घातलं. 'आजपासून सदर मिळकतीवर माझा कसलाही हक्क राहिला नाही' हे वाक्य तसंच ठेवलं. फक्त 'मिळकत' खोडून 'चित्र' केलं. वाचायला किती भक्कम वाटत होतं!

जमीन विकली की कायमची विकली. खरेदीखतात 'किती वर्षांसाठी' असं कुणी लिहीत नाही. कॉपीराइटचा कायदा वेगळा आहे. मुदत लिहिली नाही तर तो कागद पाचच वर्षं चालतो. प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारतापुरता चालतो. आम्ही दोन्ही लिहिलं नव्हतं. आणि सही होऊन पाच वर्षं दोन महिने झाले होते.

म्हणजे दुबईसाठी तो कागद पहिल्या दिवसापासूनच निकामी होता, आणि गेल्या दोन महिन्यांपासून सोलापुरातही. ती बाई पुन्हा पेंटरची झाली होती.

मी सगळं सांगितलं. सुरेखाताई ओरडल्या नाहीत. त्यांनी कागदाची घडी घातली.

"एक सांगू का," त्या हळूच म्हणाल्या. "मार्केट यार्डातला एक भाकरीवाला मल्लिनाथमामांचा पत्ता विचारत फिरतोय म्हनं."

मी नव्या कागदाचा मसुदा हाताने लिहिला आणि आम्ही तशाच रिक्षा करून एसटी स्टँडवर गेलो आणि वळसंगची गाडी पकडली. वाटेत माझ्या डोक्यात नको नको ते येत होतं. मागच्या तारखेचा स्टॅम्प पेपर कुठे मिळतो हे कोर्टाच्या आवारात सगळ्यांना ठाऊक असतं. किंवा पेंटरला नुसतं म्हणायचं, 'मामा, रिन्युअल आहे, फॉर्मॅलिटी आहे, इथे सही करा.' त्याने केली असती. हा विचार मी केला, हे लिहायला आज लाज वाटते. मी तो सुरेखाताईंना बोलूनही दाखवला.

"नगं," त्या म्हणाल्या. "त्यांच्या दारावरनं रोज जाते मी. खरं काय ते सांगा."

मल्लिनाथमामा अंगणात पाटी घासत बसले होते. सत्तरीचा माणूस. त्यांनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं. चित्रासाठी पुन्हा सही लागेल, असं सुरेखाताईंनी सांगितलं.

"परत सही? तवाच दिली की. का वो अक्का?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात तेच म्हणाले, "परवा अजून एक जण आलता. सोलापूरचा. त्येला बी हीच बाई पायजे. कागद घिऊनच आलता."

मी घाईने विचारलं, "सही केलीत?"

"न्हाय. म्हनलं, इचार करून सांगतो."

नाही म्हटलं नव्हतं त्यांनी. विचार करून सांगतो, म्हटलं होतं.

मग मी सगळं सांगितलं. चूक माझी आहे. आज हे चित्र तुमचं आहे. तुम्ही ते कुणालाही देऊ शकता. मी ताईंची वकील आहे, तुमची नाही, तेव्हा सही करण्याआधी हा कागद दुसऱ्या कुणाला तरी दाखवा.

"मंजे मी न्हाय म्हनलं तर?"

"तर ताईंना पाकीट बदलावं लागेल. दुबई तर गेलीच."

मामांनी पाटी बाजूला ठेवली, हात पुसले. मग म्हणाले, "कागद ठिवून जावा. उद्या सांगतो."

गुरुवारी मी कोर्टात उभी होते, पण न्यायाधीशांनी काय विचारलं ते मला दोनदा विचारून घ्यावं लागलं. फोन हातातच होता. माझ्या एका ओळीच्या आळसामुळे पंधरा घरांचं काम जाणार, हे एकच डोक्यात घुमत होतं. दुपारी फोन वाजला.

"वकीलबाई, पुतन्याकडनं वाचून घेतला. सही करतो. पर एक हाय. पाकिटावर कोपऱ्यात माजं नाव पायजे. बारीक चाललं. पाच वर्सं झाली, गावात कुनाला खरंच वाटत न्हाय, ती बाई मी काडलीय म्हनून."

मी त्यांची अट तिथेच लिहून घेतली. आपलं काम आपल्या नावाने ओळखलं जावं, हा चित्रकाराचा हक्क चित्र विकल्यावरही त्याच्याकडेच राहतो. तो त्यांचा होताच. पाच वर्षांपूर्वी मी त्यांना तो सांगितलाच नव्हता.

शुक्रवारी सकाळी नवा कागद पक्का झाला. तोही एकाच पानाचा. पण या वेळी चित्र कोणतं, हक्क कोणते, मोबदला काय, मुदत कॉपीराइट असेपर्यंत आणि प्रदेश सगळं जग, हे वेगवेगळं लिहिलं. नावाचं कलम मामांनी दोनदा वाचायला लावलं. संध्याकाळी पुण्याहून होकार आला.

सुरेखाताईंनी कागद पिशवीत ठेवला आणि दारात थांबल्या.

"मॅडम, असले कागद अजून कितीजनांला दिलेत तुमी?"

एकोणीस जणांना. मी एकेकाला फोन लावला आणि आपली चूक एकोणीस वेळा सांगितली. सतरा जणांचं निस्तरलं. एकाचा डिझायनर सहीला तयार नाही. दुसऱ्याचा वारला, आणि त्याचे चार वारस एकमेकांशी बोलत नाहीत.

एका पानाचा स्वस्त कागद मी आजही करून देते, त्यात काही वाईट नाही. फक्त तो जमिनीच्या कागदावरून करत नाही.