दस्तगीरचाचांची अट

दस्तगीरचाचा गेल्याचं मला बायकोनं सांगितलं. मी दाढी करत होतो. "चाचा गेलं," एवढंच म्हणून सुनीता दारातच बसली. त्याला आता महिना झाला. गणपती तोंडावर आलेत, मांडवाचे बांबू येऊन पडलेत, आणि मंगळवार पेठेतल्या त्यांच्या औषधांच्या दुकानावरून जाताना मान आपोआप आत वळते... काउंटरमागं आता त्यांचा मुलगा असतो.

चाचा आमच्या मंडळाचे सर्वांत जुने कार्यकर्ते. स्वतः थेंबाला शिवले नाहीत, पण पिणाऱ्यांना कधी उपदेशाचे डोसही पाजले नाहीत. विसर्जनानंतर मंडळाचा श्रमपरिहार व्हायचा, म्हणजे मटणाचं जेवण आणि बाटल्या. आमच्यात एक खुळी समजूत होती, आधी जेवलं की चढत नाही. म्हणून रस्सा उकळत ठेवून रिकाम्या पोटी प्यायचं. एका वर्षी हा कार्यक्रम गोव्यात झाला. मी सव्वीस वर्षांचा, लग्न ठरलेलं, तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त. सकाळपासून उपाशीपोटी प्यालो आणि दुपारी एका अनोळखी बाईबरोबर कुठल्याशा लॉजवर गेलो. कसलीही काळजी घेतली नाही. शुद्धीवर आल्यावर पहिल्यांदा आठवली ती सुनीता.

दुसऱ्या दिवशी गोव्याहून परतल्यावर चाचांच्या दुकानात गेलो. चार गिऱ्हाइकांना पुढं जाऊ दिलं आणि शेवटी डोकेदुखीची गोळी मागितली. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "डोस्कं न्हाय दुखत तुझं. बस." मी सगळं सांगून टाकलं. शिव्या बसतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "किती तास झालं?" लगेच दुकान बंद करून मला स्कूटरवरून सरकारी दवाखान्यात नेलं. बहात्तर तासांच्या आत औषध सुरू झालं तर एचआयव्हीचा धोका पुष्कळ टळतो, हे मला तिथं कळलं. अठ्ठावीस दिवस गोळ्या, आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. म्हणजे मुहूर्ताच्या नंतर. मी म्हणालो, "गोळ्या घेतो की. लगीन हू दे." तेव्हा मात्र चाचांचा आवाज चढला. "रिपोर्ट येस्तवर लगीन न्हाय. आणि त्या पोरीला तू सांगायचंस. जीव तिचाबी हाय."

सांगितलं. घरी सुनीतानं बीएडच्या परीक्षेचं निमित्त सांगितलं आणि मुहूर्त लांबवला. रिपोर्ट चांगला आला. माघात आमचं लग्न झालं. चाचांचे उपकार मोजायला बसलो तर माझा अख्खा संसारच त्यात येतो.

पुढच्या वर्षापासून श्रमपरिहाराला चाचा आधी पंगत बसवू लागले. जेवल्याशिवाय बाटली उघडायची नाही, प्यालेल्यानं गाडीला हात लावायचा नाही. हात धुवायच्या जागी निरोधची पाकिटं ठेवलेली असायची. पोरं खिदळली की म्हणायचे, "हसा की. पर खिशात ठेवून हसा."

परवा चाचींना भेटून परत येताना सुनीता अचानक म्हणाली, "तुम्ही सांगितल्यावर मी एकटीच चाचांच्या दुकानात गेलते." इतक्या वर्षांत मला याचा पत्ता नव्हता.

"विचारलं, तुमची लेक असती तर ह्यांना दिली असती का?"

"मग?"

"म्हणाले, रिपोर्ट बघितल्याबिगर न्हाय."

मग तीच पुढं म्हणाली, "त्यांनी तुमची बाजू घेतली असती ना, तर मी लगीन मोडलं असतं."