अक्तोसला जेवण कोण घालणार

करागंडी शहराच्या रस्त्यावरच्या आमच्या गावात तोलेगेन वीस वर्षं विजेचे मीटर वाचत होता. घरं त्याला माणसांवरून आठवत नसत, कुत्र्यांवरून आठवत. लाल कुत्र्याचं घर, तुटक्या कानाचं घर, साखळी लांब असलेलं घर. उजव्या पोटरीवर चाव्याच्या दोन खुणा होत्या, मनगटावर एक. फाटकाशी उभा राहून तो ओरडे, "कुत्रं बांधलंय का?" 'बांधलंय' असं उत्तर आलं तरी पुन्हा विचारी.

आणि जानेवारीत त्याच्याच अंगणात अक्तोस आली.

त्याच्या बायकोचा, कुल्याशचा, थोरला भाऊ ओराझगाली मेंढपाळ होता. बर्फावर घसरून त्याचं खुब्याचं हाड मोडलं. बघणारं कुणी नव्हतं, म्हणून कुल्याशने त्याला घरी आणलं, आणि त्याच्या मागोमाग त्याची कुत्री आली. वासराएवढी, राखी रंगाची, छाती पांढरी. गाडीतून उतरल्यावर तिने सगळं अंगण हुंगलं आणि मग तोलेगेनसमोर येऊन थांबली. त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

गोठ्याला बांधलेल्या अक्तोसची साखळी नेमकी अंगणातल्या संडासाच्या वाटेपर्यंत पोचायची. पहिले आठ दिवस तोलेगेन शेजाऱ्यांकडे जाऊन आला.

कुल्याश पहाटेच बेकरीत कामाला जाई. ती म्हणाली, "सकाळी तिला जेवण तुम्ही घालायचं."

"मी?"

"मग काय, माझा भाऊ मोडका पाय घेऊन उठेल?"

ओराझगालीची खाट खिडकीशी होती. वरची छोटी झडप उघडून तो तिथूनच हुकूम सोडू लागला.

"काठीने भांडं ढकलतोस? ती काय भट्टी आहे?"

"अगा, ती माझ्याकडेच बघतेय," तोलेगेन थोरल्या मेहुण्याला म्हणाला.

"मग कुणाकडे बघेल? भांडं तुझ्या हातात आहे."

"गुरगुरतेय!"

"श्वास आहे तो. म्हातारी झालीये. तूही असाच घोरतोस, मी ऐकतो रोज."

शिकवणी सोपी होती. भांडं छातीशी धरायचं, 'बस' म्हणायचं, ती बसेपर्यंत द्यायचं नाही. मग तळवा वर करून 'थांब', आणि शेवटी 'घे'.

"किंचाळू नको," म्हातारा म्हणे. "बायकोकडे चहा मागतोस तसं सांग."

"मी मागत नाही. ती देईल तेव्हा पितो."

"तरीच कुत्री ऐकत नाही!"

बारा दिवस अक्तोस बसली नाही. रस्सा रोज तोलेगेनच्याच बुटांवर सांडे. तेराव्या दिवशी त्याने 'बस' म्हटलं आणि तिच्या बुडाखाली बर्फ करकरला. खिडकीत म्हाताऱ्याने काच बडवली. तोलेगेन कामावर जायचं सोडून आधी बेकरीत गेला.

"बसली!" तो दारातूनच म्हणाला.

"कोण बसली?" पाव घ्यायला आलेल्या बायकांनी घाबरून विचारलं.

मार्चपर्यंत 'घे' म्हटल्याशिवाय अक्तोस भांड्याला तोंड लावेना. संध्याकाळी तो तिला माळापर्यंत फिरवून आणी आणि परतल्यावर खाटेशी बसून सगळं रंगवून सांगे. म्हातारा ऐकत राही, कुल्याश चहा ओतत राही. पण रोज सकाळी भांडं उचलण्याआधी तोलेगेन साखळी दोनदा निरखून बघायचाच. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं.

नौरीझला, वसंतातल्या नववर्षाच्या सणाला, तोलेगेनची मुलगी आली, दोन वर्षांच्या लेकीला, आयारूला, घेऊन. घर पाहुण्यांनी भरलं होतं. दुपारी तोलेगेनने अक्तोसपुढे मेंढीचं मोठं हाड टाकलं, 'घे' म्हटलं आणि लाकडं आणायला वळला.

मागे वळून पाहिलं तर आयारू अंगणात. लाल टोपी, पायांत आईचे बूट. तिचा हात हाडावर होता.

तोलेगेन वीस पावलांवर होता. झडप थंडीमुळे बंद होती. काचेमागे ओराझगालीचं तोंड उघडं दिसत होतं, आवाज येत नव्हता. अक्तोसचा ओठ वर गेला. दात दिसले. आयारूने हसत हाड ओढलं.

तोलेगेनने 'थांब' म्हणायला तोंड उघडलं, पण घशातून हवासुद्धा निघेना. हात कधी वर गेला ते त्याला कळलं नाही. अक्तोसने मुलीकडे पाहिलं नाही, त्याच्याकडे पाहिलं. मग तिने हाड सोडलं, एक पाऊल मागे घेतलं आणि बसली.

आयारूने हाड तोंडात घातलं.

तो चालत गेला. पळायचं नाही एवढं भान होतं. पोरीला उचललं, हाड खाली टाकलं आणि तसाच चिखलात बसला. अक्तोस हाडाकडे न बघता त्याच्याकडे बघत होती. 'घे' म्हणायला त्याला फार वेळ लागला.

मग घरात रडारड झाली. मुलगी ओरडली, "आजच्या आज हिला गोळी घाला, नाहीतर मी या घरात पाऊल ठेवणार नाही!"

"चूक माझी आहे," तोलेगेन म्हणाला. "पाठ मी फिरवली." घरात एवढ्या मोठ्या आवाजात तो कधी बोलला नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्याने गोठ्याभोवती फळ्यांचं कुंपण घातलं, कडी उंचावर लावली. खिडकीतून सूचना चालूच होत्या, "खिळा तिरका जातोय."

मे महिन्यात मुलगी आली खरी, पण आयारूला तिने कडेवरून उतरवलं नाही. तिसऱ्या दिवशी मात्र उतरवलं. तोलेगेनने नातीचा हात आपल्या मुठीत घेतला आणि फळीच्या फटीतून अक्तोसच्या पाठीवर टेकवला. पाठ उन्हाने गरम झाली होती. आयारू खिदळली. त्याचा तळवा घामाने चिंब होता.

"अके, पुरे आता," मुलगी मागून बापाला म्हणाली.

त्याने लगेच हात मागे घेतला.