चाळिसाव्या मिनिटापासून पाहणारा परब

परब गेल्याचा फोन मेघनाचा होता. सकाळचे सव्वादहा वाजले होते. "काका, बाबा गेले. आई बाहेरच्या खोलीत बसलीय. तिला कळलंय सगळं... पण तुम्ही या." मेघना ही परबची एकुलती मुलगी; बोरिवलीला राहते, त्या दिवशी योगायोगाने माहेरी होती. आमच्या दोन इमारतींमध्ये फक्त एक छोटं मैदान आहे. मी पोचलो तेव्हा डॉक्टर निघत होते. सुधाकर परब, वय एकाहत्तर, अंघोळ करून बाहेर आला, खुर्चीत बसला आणि तिथेच गेला. मूळ गाव कणकवलीजवळचं, मुक्काम मुलुंड पूर्व, नोकरी विक्रोळीतल्या पंपांच्या एका कारखान्यात, दर्जा तपासनीस म्हणून. बातमीला एवढा तपशील पुरतो. अशा आठ ओळींच्या बातम्या मी वर्तमानपत्रात वर्षानुवर्षं लिहिल्या. पण पक्षाघातात बोलणं गेलेल्या बायकोसाठी, तिला शेवटपर्यंत बघावासा वाटेल असा एक चित्रपट शोधण्याचं काम या माणसाने अंगावर घेतलं होतं आणि ते तडीला नेलं होतं. ते आठ ओळींत बसत नाही, म्हणून पाच आठवड्यांनी हा मजकूर.

दर्जा तपासनीस नेमकं काय करतो हे त्यानेच मला कधीतरी समजावलं होतं. पुरवठादाराकडून सुटे भाग खोक्यांतून येतात. हजार नग एकेक करून तपासणं शक्य नसतं, म्हणून थोडे उचलायचे आणि त्यांच्यावरून सगळा लॉट घ्यायचा की परत पाठवायचा ते ठरवायचं. नवा तपासनीस वरचेच नग उचलतो, कारण ते हाताला येतात. परब कोपरापर्यंत हात घालून मधले काढायचा. "वरचो थर दाखवूक असता," असं म्हणायचा. एरवी तो मुंबईचं मराठी बोले, पण कामाचं काही सांगायला लागला की मधूनच मालवणीवर येई.

निवृत्तीनंतर शनिवारी दुपारी चार वाजता त्याच्या घरी बसायचं, चहा घ्यायचा आणि टीव्हीवर काहीतरी बघायचं असा आमचा शिरस्ता पडला. परब, शालिनीवहिनी आणि मी. मेघनाने टीव्हीला तीन-तीन ॲप जोडून दिली तेव्हा या शिरस्त्याची पार वाट लागली. एका शनिवारी आम्ही तिघेही "मला काहीही चालेल" म्हणत होतो आणि प्रत्येक चित्रपटाला तिघांपैकी एकाचा नकार येत होता. परब रिमोटने चित्रं सरकवत राहिला. चहा दोनदा झाला. सव्वापाच वाजता मी उठलो, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "भावोजी, आज आपण नुसते फोटो बघितले."

हे परबला लागलं. पुढच्या शनिवारी त्याच्या मांडीवर कारखान्यातलं असतं तसं एक जाड रजिस्टर होतं, रकाने आखलेलं. आठवडाभर त्याने तपासणी केली होती. "ए संपादक, ऐक," तो म्हणाला. मी उपसंपादक म्हणूनच निवृत्त झालो, हे ठाऊक असल्यामुळेच तो मला संपादक म्हणायचा. "पहिली दहा मिनिटं म्हणजे वरचा थर. त्यात गाडी उलटते, कोणीतरी पळत सुटतं. सगळं चांगलं सामान तिथे मांडलेलं असतं. चाळिसाव्या मिनिटाला जाऊन बघ. तिथे ते दमलेले असतात." चाळिसाव्या मिनिटाला तीन मिनिटं, तासाभराच्या पुढे आणखी तीन, अशी त्याची पद्धत होती. शेवट मात्र तो कधीच तपासत नसे. "तपासताना नग फुटला तर गिऱ्हाइकाला काय देणार?" निकाल तीनच. ओके, होल्ड, रिजेक्ट. बाजूला शेरा. 'पोलीस हुशार नाही, लेखकच त्याला सगळं सांगतो. रिजेक्ट.' 'चाळीतली खोली एवढी मोठी नसते. रिजेक्ट.' 'सासू खरी वाटते. ओके.' त्याने पास केलेले चित्रपट खरोखरच चांगले निघत. हळूहळू इमारतीतले लोक लिफ्टमध्ये त्याला गाठून शनिवारचं काय, रविवारचं काय असं विचारू लागले. वहिनी म्हणायच्या, "कारखान्यात एवढं मन लावलं असतंत तर मॅनेजर झाला असतात." त्यावर हा म्हणायचा, "मॅनेजरला वरचाच थर दाखवतात गं."

वहिनी एका सरकारी कार्यालयात टेलिफोन ऑपरेटर होत्या. पलीकडून नुसतं "हॅलो" आलं की कोण बोलतंय हे त्या ओळखायच्या, आणि त्या माणसाचं घरी काही बिनसलंय का हेसुद्धा. दोन वर्षांपूर्वी त्यांना पक्षाघात झाला. उजवा हात गेला, पाय लंगडा झाला, शब्द गेले. पाय काही महिन्यांत बऱ्यापैकी परतला. शब्द परतले नाहीत. 'नाही' आणि 'बरं' असे दोनच उरले होते आणि ते दोन्ही पुष्कळदा एकमेकांच्या जागी यायचे. वाचणंही थांबलं. घरी येणाऱ्या वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी व्यायाम शिकवले आणि वर एक गोष्ट सांगितली : एखादी कथा सुरुवातीपासून शेवटपर्यंत मनात धरून ठेवणं हे सध्या यांच्यासाठी फार मोठं काम आहे, ते जमलं तर पुढचं सोपं जाईल.

टीव्ही लावला की वहिनी दहा-पंधरा मिनिटं बघायच्या आणि तोंड खिडकीकडे वळवायच्या. खिडकीतून मिठागरांच्या बाजूचा मोकळा भाग दिसतो. एकदा मान तिकडे गेली की ती परत येत नसे.

परबने हे काम कारखान्यातल्यासारखं हाती घेतलं. सकाळी वहिनींचे व्यायाम झाले की कानात इअरफोन घालून तो तपासणीला बसायचा. सोपी कथा, कमी माणसं, मारामारी नाही. भाषा मराठी नाहीतर हिंदी. बाहेरचा चित्रपट असेल तर त्याचं हिंदी केलेलं रूप, कारण खालच्या ओळी वाचणं त्यांना शक्य नव्हतं. पास झालेला चित्रपट शनिवारी लागायचा. रजिस्टरमध्ये आता नवा रकाना आला होता. 'बारा मिनिटं. खिडकी.' 'नऊ मिनिटं. खिडकी.' 'एकवीस मिनिटं. खिडकी.' असे सात महिने गेले. एका शनिवारी मेघनाने आमच्यादेखत विषय काढला.

"बाबा, बास करा आता. तिला नाही बघायचं."

"नसतं बघायचं तर डोळे मिटले असते तिने. ती बाहेर बघते. म्हणजे काहीतरी शोधतेय."

"बाबा, तुम्ही चित्रपट नाही तपासत आहात. तुम्ही आईला तपासताय."

परबने रजिस्टर मिटून कपाटात ठेवलं. पुढचे दोन शनिवार टीव्ही बंद होता. आम्ही चहा घेतला, वहिनी खिडकीबाहेर बघत राहिल्या... आणि परब त्यांच्याकडे.

तिसऱ्या शनिवारी त्याने रजिस्टर पुन्हा काढलं. ओके झालेला एक मल्याळम चित्रपट होता, वेल्डिंगच्या दुकानावरून भांडणाऱ्या दोन भावांचा. त्याने तो लावला आणि चहा टाकायला आत गेला. आदल्या दिवशी मेघना येऊन गेली होती. तिने काहीतरी मूळ भाषेत बघितलं होतं आणि सेटिंग परत बदलायला ती विसरली होती. त्यामुळे दोन्ही भाऊ हिंदीऐवजी मल्याळममध्ये बोलायला लागले. ते आवाज ऐकून परब लगबगीने बाहेर आला, "अरे, हे काय लागलं," म्हणत त्याने रिमोट उचलला. वहिनींनी डाव्या हाताने त्याचं मनगट धरलं.

तो तसाच उभा राहिला. वहिनींची नजर पडद्यावर होती. थोड्या वेळाने त्याने रिमोट खाली ठेवला आणि त्यांच्या शेजारी बसला. आत चहा उतू गेला. गॅस मी बंद केला.

आम्हा तिघांपैकी कोणालाही मल्याळमचा एक शब्द येत नव्हता आणि खालच्या ओळीही लावलेल्या नव्हत्या. अर्ध्या तासानंतरच्या एका प्रसंगात थोरला भाऊ धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवून मऊ आवाजात काहीतरी बोलला. परब माझ्याकडे झुकून म्हणाला, "मिटलं वाटतं भांडण." वहिनी म्हणाल्या, "नाही." तो 'नाही' जागेवरचा होता. दहा मिनिटांनी थोरल्याने दुकानाचं कुलूप बदललं. परबने माझ्याकडे बघितलं. मग आम्ही दोघांनी अंदाज करणं सोडलं आणि काही अडलं की वहिनींच्या चेहऱ्याकडे बघू लागलो. दोन तास अकरा मिनिटं. मान एकदाही खिडकीकडे वळली नाही. नावं वर सरकायला लागली तेव्हा वहिनी स्पष्ट म्हणाल्या, "पुढचा."

परबने रजिस्टर उघडलं. बराच वेळ पेन नुसतं धरून बसला. मग त्याने लिहिलं : 'दोन तास अकरा मिनिटं. पूर्ण. आपली भाषा आड येत होती.'

त्याने केलेली चूक साधी होती आणि त्याच्यासारखा माणूसच ती करू शकला असता. वहिनींना सोपं जावं म्हणून त्याने प्रत्येक चित्रपट कळणाऱ्या भाषेत लावला. पण कळणाऱ्या भाषेत प्रत्येक वाक्य त्यांची परीक्षा घ्यायचं. दहा मिनिटांत दमून त्या उठून गेल्यासारख्या खिडकीकडे वळायच्या. परक्या भाषेत आम्हीही त्यांच्याएवढेच होतो. शब्द कोणालाच कळत नव्हते, आवाज मात्र सगळ्यांना ऐकू येत होता, आणि आवाजांत त्यांच्याइतका मुरलेला माणूस त्या खोलीत दुसरा नव्हता. उपचार करणाऱ्या बाईंना परबने हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, असं होऊ शकतं, चालू ठेवा. त्याहून जास्त दावा त्यांनी केला नाही. मीही करत नाही.

त्यानंतर वर्षभर दर शनिवारी एक. बंगाली, तमिळ, जपानी, कोरियन, इराणी. निवड आता वहिनींकडे गेली होती. परब मधलेच नग काढायचा, पण दोन काढून त्यांच्यापुढे ठेवायचा. दोन्ही चित्रपटांचं चाळिसावं मिनिट थोडं थोडं वाजवून दाखवायचा, वहिनी डोळे मिटून ऐकायच्या आणि डावा हात वर करायच्या. एकदा एका जपानी म्हाताऱ्याचं बोलणं ऐकून त्या म्हणाल्या, "खोटं बोलतो." शब्द आधी असे जोडीने आले, मग तिघे-चौघे मिळून. त्या माझ्याकडे बघून पहिल्यांदा "भावोजी" म्हणाल्या, त्या दिवशी परब खाली जाऊन पेढे घेऊन आला आणि लिफ्टमध्ये भेटेल त्याला वाटत वर आला. शनिवारचं काय असं कोणी विचारलं की तो ताठ होऊन सांगायचा, "आता मला विचारायचं नाही. शालूने पास केला तर पास." कारखान्यातून निवृत्त झाला त्या दिवशीही मी त्याला एवढ्या रुबाबात बघितलं नव्हतं.

तो गेल्यानंतर चार शनिवार मी त्या घरी गेलो ते नुसता बसून आलो. गेल्या शनिवारी दार उघडलं तर टीव्ही लावलेला होता आणि रजिस्टर वहिनींच्या मांडीवर होतं. मेघना म्हणाली, "काका, दुपारपासून पानं उलटतेय. बाबांनी ओके केलेला एखादा तुम्हीच सांगा ना तिला." वहिनी आता वाचतात, अक्षरं सुटी सुटी लावून. त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं होतं. इराणी चित्रपट, तपासणी परबच्या शेवटच्या आठवड्यातली. त्याचा शेरा त्यांनी मोठ्याने वाचला. "मध्येच... नवरा... जातो. शालूला... नको. रिजेक्ट."

"आई, तो नको गं. मी दुसरा लावते."

"हाच लाव."

मेघनाने माझ्याकडे बघितलं. मी खुर्ची टीव्हीकडे वळवली. तिने लावला. एक तास अठ्ठेचाळीस मिनिटं. शेऱ्याप्रमाणे नवरा मध्येच गेला. वहिनींच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी पुसलं नाही आणि नजरही हटवली नाही. मेघना उठून आत गेली, थोड्या वेळाने परत येऊन आईला टेकून बसली. चित्रपटातली बाई शेवटी एकटीने नवऱ्याच्या दुकानाचं दार उघडते. तिथे वहिनी हसल्या.

नावं संपल्यावर त्यांनी रजिस्टर माझ्याकडे सरकवलं. "भावोजी, लिहा."

"काय लिहू?"

"ओके."

परबने केलेला रिजेक्ट मी खोडला नाही. त्याच्या खाली, त्याच रकान्यात ओके लिहिलं. पेन बंद करून मान वर केली तेव्हा वहिनींचं बोट पुढच्या ओळीवर गेलेलं होतं आणि त्या लेकीला विचारत होत्या, "हा कुठल्या भाषेतला गं?"